चाकावरचे निळे ठिपके

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. खरा नव्हे, यंत्राचा. कागदोपत्री माझं नाव श्रवणयंत्र, पण ज्या घरात मी राहिलो तिथे एवढं लांबलचक बोलायला कुणाला वेळ नव्हता. "कान कुठे ठेवलाय?" "आधी कान घाल तिला." "अगं बाई, कान चावला हिने!" असंच चालायचं. मी काजूएवढा आहे, आणि काजूसारखाच वाकडा. माझ्या पाठीवर दातांच्या तीन खुणा आहेत. त्या घरातल्या पोरीच्या. त्यांचा मला राग नाही.

माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी ऐका. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी, नाहीतर वर्गात, माझ्यासारखा एखादा असेल.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथे डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका दिवसभर भिंगाखाली मान घालून बसायच्या. शिंक आली तर उठून बाहेर जायचं, असा नियम होता. एकीने माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या. दुसरीने पाठीला दोन बारीक छिद्रं ठेवली. त्यातून मी आवाज आत घेतो, मोठा करतो आणि नळीतून पुढे सोडतो. तिसरीने माझ्या पोटात एक छोटीशी वही ठेवली. खरी वही नव्हे, पण काम तेच. मी रोज किती तास जागा होतो, हे मी तिच्यात लिहीत राहतो. कुणी सांगो न सांगो, लिहितोच. खोटं लिहायचं म्हटलं तरी मला जमत नाही. माझ्यामागोमाग माझा जुळा भाऊ जन्मला. मी उजव्या कानाचा, तो डाव्या.

मग आम्ही कानाच्या बाईंकडे आलो. मुलांचे कान तपासणं हे त्यांचं काम. त्यांच्या खोलीचं दार फ्रिजच्या दारासारखं जाडजूड होतं. ते बंद केलं की रस्ता, गाड्या, पंखा सगळं नाहीसं व्हायचं. एका सकाळी तिथे एक आई आली आणि तिच्या कडेवर आली भिंगरी. वय सव्वादोन वर्षं. एका जागी ठरायची नाही, उभ्या उभ्या गरगर फिरायची, म्हणून घरात नाव पडलं भिंगरी. अजून तिला एकही शब्द येत नव्हता, कारण एकही शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

माझ्यात बॅटरी बसली, मी जागा झालो, आणि आई म्हणाली, "भिंगरी."

फिरता फिरता ती थांबली. डोळे मोठे झाले. हात भिंतीकडे गेला, जणू भिंतच तिच्याशी बोलली होती. मग तिने भोकाड पसरलं. ते भोकाडही तिने स्वतः ऐकलं असावं, कारण ती मध्येच गप्प झाली आणि पुन्हा एकदा, जरा लहान आवाजात, रडून पाहिलं. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

त्याच दिवशी कानाच्या बाईंनी आईला समोर बसवून सांगितलं, "तीन महिने बघू. नीट ऐका हं, हे महत्त्वाचं आहे. या यंत्राने तिला बोलणं पुरेसं ऐकू आलं तर छानच. नाही आलं तर ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवायचं. पण ते लवकर व्हायला हवं, तिसऱ्या वर्षाच्या आत झालं तर उत्तम. डोक्यात ऐकायची जी जागा असते ना, ती जास्त दिवस रिकामी बसत नाही. दुसरं काम शोधते."

"म्हणजे हे तीन महिने..."

"हे तीन महिने म्हणजे सगळं. झोप आणि आंघोळ सोडली तर कानातच हवा."

आईने मान हलवली. तिने ते वाक्य घरी जाऊन कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलं. मी पाहिलंय.

जाताना बाईंच्या मदतनीसाने एक पिशवी दिली. त्यात बॅटऱ्यांची आठ कार्डं, एका कार्डात सहा. "पाठीवर निळा स्टिकर असतो, तो काढायचा आणि बॅटरी घालायची. आठवड्याला एक जोडी," तो म्हणाला. मागे रांग लांब होती. पिशवीत एक रबरी नळीही होती, डॉक्टरांच्या छातीवर असते तसली. रोज सकाळी ती मला लावून मोठ्या माणसाने स्वतः ऐकायचं असतं, मी जागा आहे की नाही ते. पण आईला वाटलं, हे दवाखान्यातल्या लोकांचं हत्यार, चुकून आलं असेल. तिने ते जपून कपाटात ठेवलं, पुढच्या वेळी परत करायला.

भिंगरीचं घर टायरच्या दुकानावर होतं. खाली बाबा टायर काढायचे, घालायचे. वर लाकडी जमिनीच्या दोन खोल्या. खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन. ती शाळांचे गणवेश शिवायची आणि पडदे. बाबांची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, त्यांच्याकडेच राहायची. पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात तिची सकाळची पाळी असायची. दुपारी घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती भिंगरीला उचलायची. जीव की प्राण होती तिचा.

पहिले तीन आठवडे आम्ही दोघा भावांनी जीव तोडून काम केलं. मशीन सुरू झालं की भिंगरी वळायची, थांबलं की पुन्हा वळायची. खालून बाबांचा हातोडा वाजला की बोट खाली दाखवायची. एकदा आईच्या मांडीवर बसून तिने ओठ मिटून "मं" म्हटलं. आईने सुई तशीच हातात धरून विचारलं, "ताई, ऐकलंत?"

"ऐकलं की!" आत्या म्हणाली. "आत्या म्हणायला मात्र कंजूषपणा करते बघ. खाऊ माझ्या हातचा, नि मं मं आईची!"

आता ते स्टिकर. प्रत्येक बॅटरीच्या पाठीवर एक निळा गोल, त्याला एक शेपूट. दर सोमवारी आई जोडी बदलायची तेव्हा भिंगरी हात पुढे करून उभी राहायची. मिळालेला स्टिकर कपाळाला लाव, गुडघ्याला लाव, बाबांच्या टकलाला लाव. तिसऱ्या सोमवारी बाबांना दोन्ही गालांवर स्टिकर लावून खाली दुकानात जावं लागलं. गिऱ्हाईक हसलं, तेही हसले.

पुढच्याच दिवशी भिंगरीला ताप आला. कण्हत पडून राहिली. आई औषध आणायला गेली होती. आत्याने तिला हसवायला काय काय केलं, तोंडं वेडावली, डोक्यावर पातेलं घातलं. ढिम्म. मग तिला स्टिकर आठवले. तिने उरलेली सातही कार्डं काढली आणि एक एक करून बेचाळीस स्टिकर सोलले. भिंगरी उठून बसली. दोघींनी मिळून ते सगळे शिलाई मशीनच्या चाकावर चिकटवले, कडेने, ओळीत. आत्याने चाक फिरवलं, आणि निळं वर्तुळ गरगरलं. भिंगरी खदखदा हसली.

आई आली तेव्हा बॅटऱ्या एका गोल पत्र्याच्या डबीत नीट भरून ठेवलेल्या होत्या.

"बघ, काम सोपं केलं तुझं," आत्या म्हणाली. "शिवणकामाने बोटं सोलवटलेली असतात तुझी, त्यात कशाला ते नखाने काढत बसायचं? आता नुसती उचल आणि घाल."

"ताई, तुम्ही म्हणजे ना," आई म्हणाली, आणि तिने आत्याचा हात क्षणभर धरून ठेवला.

मित्रांनो, मी त्या वेळी भिंगरीच्या कानामागेच होतो. आमच्या बॅटऱ्या हवेवर जगतात. स्टिकर हे त्यांचं झाकण. ते निघालं की हवा आत शिरते आणि बॅटरी जागी होते. मग तिला कानात घाला नाहीतर डबीत ठेवा, ती झिजतच राहते. डबीत त्या दिवशी बेचाळीस बॅटऱ्या एकदम जाग्या झाल्या होत्या, कुणासाठीही नाही. मला ते ठाऊक होतं. पण मी दुसऱ्यांचा आवाज पोचवतो. माझा स्वतःचा आवाज नाही.

त्या पुढच्या सोमवारची जोडी गुरुवारपर्यंत टिकली. त्याच्या पुढची बुधवारी संपली. मग मंगळवार, मग सोमवार दुपार. बॅटरी संपली की मला कळतं सगळं, फक्त पुढे काही पोचवता येत नाही. बंद दारामागे उभ्या माणसासारखा मी तिच्या कानामागे बसून राहायचो. आई तिच्याशी बोलायची, सकाळपासून बोलायची. हे लाल कापड, ही कात्री, हात लावायचा नाही हं, हे बटण, बघ कसं गोल. शब्दन् शब्द माझ्या पाठीपर्यंत यायचा आणि तिथेच मरायचा.

"सोमवारी कशी खुलते नाही ही?" आई एकदा म्हणाली.

"सोमवार आवडणारं माणूस पहिल्यांदा बघतेय," आत्या म्हणाली. "कारखान्यात लावून देते हिला."

दोघी हसल्या.

तुम्ही म्हणाल, त्यांना कळलं कसं नाही? कळावं असं काही दिसतच नव्हतं. पूर्वी भिंगरीला कुशीत घेतलं की मी शिट्टी वाजवायचो. आवाज अडला की माझ्यासारखे कान वाजतात, ते जिवंतपणाचं लक्षण. आता शिट्टी बंद झाली, तर आईला बरं वाटलं. "आता कसा नीट बसलाय कानात," ती म्हणाली. आणि आत्याची एक परीक्षा होती. रोज दुपारी ती भिंगरीच्या पाठीमागे उभी राहून पातेल्यावरचं झाकण जमिनीवर टाकायची. धाडकन. भिंगरी लगेच वळायची.

"ऐकते!" आत्या टाळ्या वाजवायची. "माझी बाय ऐकते!"

ती लाकडी जमीन होती, मित्रांनो. भिंगरी अनवाणी असायची. झाकण पडलं की फळ्या हादरायच्या आणि ते तिच्या तळपायांना कळायचं. मी मेलेला होतो आणि घर टाळ्या वाजवत होतं.

"मं" हळूहळू नाहीसं झालं. आईला वाटलं, दाढा येताहेत, मग वाटलं, हट्ट करते. तीन महिन्यांनी बाईंकडे जायची तारीख आली, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि गणवेशांचा ढीग छतापर्यंत गेला होता. बाबा म्हणाले, "ऐकतेय ना ती? मग जाऊ की सावकाश." आईने कॅलेंडरमागचं वाक्य काढून वाचलं. झोप आणि आंघोळ सोडली तर कानातच. तिने ते अक्षरशः पाळलं होतं. तिने फोन करून तारीख पुढे ढकलली. अशा रीतीने पाच महिने झाले.

मग आम्ही पुन्हा त्या जाड दाराच्या खोलीत आलो. कानाच्या बाईंनी मला एका तारेला जोडलं आणि माझ्या पोटातली वही पडद्यावर उघडली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"रोजचे सरासरी पावणेतीन तास. आणि गेल्या दोन महिन्यांत तर अर्धा ताससुद्धा नाही."

"कशाचा अर्धा तास?" आईने विचारलं.

"यंत्र चालू होतं ते."

"अहो, असं कसं? उठल्यापासून झोपेपर्यंत कानात असतं तिच्या. शप्पथ सांगते."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्याच आया असं सांगतात हो. मी रागवत नाहीये. पण यंत्र खोटं बोलत नाही."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती खरं बोलत होती आणि मीही खरंच लिहिलं होतं, आणि माझ्या खऱ्याने ती खोटी पडत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या वहीची लाज वाटली.

"बॅटरीसुद्धा चुकवलेली नाही मी एकदाही," आई म्हणाली. तिने पिशवीतून पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "बघा. दर सोमवारी."

बाईंनी झाकण उघडलं. आत आठ बॅटऱ्या खुळखुळल्या. उघड्या. बाईंनी एक उचलून तपासणीच्या यंत्रावर ठेवली. काटा हलला नाही. दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. आठवी ठेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यांचे स्टिकर कुणी काढले?"

आत्या दाराशी भिंगरीला घेऊन उभी होती. आईने मागे वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, "आम्ही."

कानाच्या बाईंनी डबीचं झाकण लावलं. "हे आम्ही नीट समजावून सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मघाशी मी जे बोलले ते विसरा." पण ते विसरण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर आत्या मशीनपाशी बसली आणि नखांनी चाकावरचे स्टिकर खरवडायला लागली. निघेनात. तेल, धूळ, उष्णता, चांगले चिकटले होते. तिच्या एका नखातून रक्त आलं.

"राहू द्या, ताई."

"मला बघवत नाहीत गं."

"मला तरी कुठे बघवतात? राहू द्या." आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "तिला हसवायला काढले होते तुम्ही."

त्यानंतर आत्याने पातेल्याचं झाकण कधी हातातून पडू दिलं नाही. ते खाली ठेवतानाही ती दोन्ही हातांनी ठेवायची.

पुढचं थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून झाली. या वेळी आम्ही खरोखर जागे होतो. आई आता बाईंनी दाखवल्याप्रमाणे रोज सकाळी ती रबरी नळी माझ्या तोंडाला लावून ऐकायची, मगच मला भिंगरीच्या कानात घालायची. पण भिंगरीला माझ्यातून दार, हातोडा, मशीन एवढंच ऐकू यायचं. बोलणं उलगडेल इतकी ताकद माझ्यात नव्हती. तिला ऑपरेशनच हवं होतं. पहिल्या तीन महिन्यांत मी नीट जागा असतो, तर हे तेव्हाच कळलं असतं. मग नाव यादीत लागलं. यादी लांब होती. तारीख आली, तेव्हा कान फुटला, पू आला, तारीख गेली. ऑपरेशन झालं तेव्हा भिंगरीला चार वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

उजव्या कानात नवं यंत्र बसलं आणि माझं काम संपलं. माझा भाऊ डाव्या कानावर राहिला. मी खणात गेलो, सुटी बटणं आणि मोडक्या सुया यांच्या सोबतीला.

भिंगरी आता सहा वर्षांची आहे. तिला आपलं नाव ऐकू येतं. गाडीचा भोंगा येतो. आई हाक मारते ते कळतं. पण शब्द तिच्या तोंडातून ओले, पुसट निघतात. घरच्यांना समजतात, दुकानदाराला समजत नाहीत. ती ज्या शाळेत जाते तिथे मुलं हातांनी बोलतात, आणि हातांनी ती इतकी भरभर बोलते की आत्याला म्हणावं लागतं, "अगं हळू, माझी बोटं म्हातारी आहेत." आई शिकली, आत्या शिकली. बाबा अजून चुकतात, मग पोरगी त्यांची बोटं धरून नीट करते. ते पाच महिने गेले नसते तर ती किती बोलली असती, हे कानाच्या बाईंनाही सांगता येत नाही. माझ्या वहीत तासांची नोंद आहे. न मिळालेल्या शब्दांची नाही.

गेल्या महिन्यात खण उघडला. आईने मला पुसलं, माझी नळी बदलून घेतली आणि भिंगरीला बरोबर घेऊन ती मला बाईंच्या उसन्या यंत्रांच्या डब्यात द्यायला गेली. ज्यांना नवं यंत्र परवडत नाही, त्यांना त्यातून मिळतं. तिथे एक तरुण आई बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, शेजारी बाळाची आजी. माझी सोय त्याच बाळाच्या कानावर लागली. बाई आत काहीतरी आणायला गेल्या. बाळ किरकिरायला लागलं. आजीने बॅटरीचं कार्ड उचललं, एक निळा स्टिकर सोलला आणि बाळाच्या बोटाला लावला. बाळ गप्प झालं. आजी खूश झाली आणि तिने दुसरा सोलायला घेतला.

भिंगरी धावत गेली आणि तिने आजीचं मनगट धरलं. तोंडाने काहीतरी म्हणाली. जोरात, पण ओलं, पुसट. आणि एक बोट वर केलं.

"अगं, काय झालं?" आजी दचकून म्हणाली. "काय म्हणतेय ही?"

खोलीतल्या सगळ्यांनी भिंगरीच्या आईकडे पाहिलं. ती उठली. आजीच्या हातातून तिने कार्ड अलगद घेतलं आणि नव्या आईच्या ओंजळीत ठेवलं.

"ती म्हणतेय, एकच," ती म्हणाली. "एका वेळी एकच, कानात घालायच्या बॅटरीचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. मी सांगते का ते. बसा."

आणि तिने सगळं सांगितलं. डबी, झाकण, सोमवार. काही लपवलं नाही. आत्याचं नाव मात्र घेतलं नाही. "आम्ही" म्हणाली.

मित्रांनो, आता मी या नव्या घरात आहे. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाच्या कानामागे माझा एखादा भाऊबंद असेल, तर रोज सकाळी त्याला आधी तुमच्या कानाला लावा. तो जागा आहे की नाही ते स्वतः ऐका. वळून पाहणाऱ्या मुलावर विसंबू नका. मुलं तळपायांनीही वळतात, सावलीनेही वळतात, तुम्ही हसावं म्हणूनही वळतात.

इथे बॅटरी बदलली की निघालेला स्टिकर कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात चिकटवतात. आतापर्यंत चार झालेत, चार सोमवारांवर चार. तिकडे शिलाई मशीनच्या चाकावरचे बेचाळीस अजून तसेच आहेत. आई शिवायला बसली की ते फिरतात आणि त्यांचं एक निळं वर्तुळ होतं. त्यांच्यावर तारीख नाही.